आत्यांचं विमान

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला कैरीच्या लोणच्यावर बुरशी का धरते याविषयी लिहिलं आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. बहुतेकींची तक्रार एकच, "मीठ मापानं घातलं तरी वर पांढरा थर येतोच." त्यांना सविस्तर उत्तर पुढच्या आठवड्यात देईन. तोवर एवढंच करा, तेल फोडींच्या वर बोटभर राहील असं पाहा आणि बरणीत ओला चमचा घालू नका.

पण त्या गठ्ठ्यात लोणच्याशी काडीचाही संबंध नसलेलं एक पत्र निघालं. इंदापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं. त्या लिहितात, "सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. जन्मभर रानात राबल्या, कधी काही मागितलं नाही. आता एकाएकी म्हणतात, मला एकदा विमानात बसवा. घरात सगळे हसतात. आमचे हे म्हणतात, तेवढ्या पैशात अर्ध्या एकराचं ठिबक होईल. सासूबाई रुसून बसल्या आहेत. त्यांची समजूत कशी काढावी, ते आपल्या सदरातून सांगावे."

पत्र वाचून मला मात्र हसू आलं नाही. कारण काही वर्षांपूर्वी हेच पत्र मीही लिहिलं असतं, अगदी शब्दन् शब्द. म्हणून आज सल्ला नंतर, आधी आमच्या घरची गोष्ट.

आमचं घर बारामतीजवळ. मी सासूबाईंना आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत. बारामतीच्या एमआयडीसीजवळ विमानतळ झाला, तिथं वैमानिक शिकू लागले, आणि त्यांची चिमणीएवढी विमानं आमच्या उसावरून घिरट्या घालू लागली. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की वर पाहायचंही सुचेना. आत्या मात्र दरवेळी खुरपं थांबवायच्या, कपाळावर आडवा हात धरायच्या आणि विमान दिसेनासं होईतो बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "त्यात दोनच माणसं असत्यात म्हणं. मागं बसायला जागा आसंल तर मोकळीच जाती की गं!" आम्ही हसलो. धाकटे भाऊजी म्हणाले, "आई, तुला चंद्रावरच धाडू." पुढं ती घरातली थट्टाच होऊन बसली. कोणी पाहुणा आला की, "आमच्या आईंना विमान पाहिजे बरं का!"

जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात असंच एक शिकाऊ विमान कोसळलं. चालवणारी बावीस वर्षांची मुलगी एकटीच होती. आजूबाजूच्या रानातली माणसं धावली, आणि दैव बलवत्तर म्हणून थोडक्या दुखापतीवर निभावलं. मला वाटलं, आता आत्यांच्या डोक्यातलं खूळ जाईल. बातमी सांगितली तर त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी वाचली न्हवं? मग बसंल ती परत." आणि भाकरी उलटली.

२०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या सुनेचं बाळंतपण होतं. मुलगा इंग्लंडात केंब्रिजला असतो. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, असं सगळं बांधून मी निघाले आणि पणतू बघायला आत्यांनाही बरोबर घेतलं. मनात म्हटलं, चला, विमानाची हौसही परस्पर भागेल. मुंबईहून लंडनपर्यंत नऊ-दहा तास बसायचं म्हणजे थोडंथोडकं नव्हे!

कसलं काय. आम्हाला मधल्या रांगेतल्या जागा मिळाल्या. खिडकी चार माणसांपलीकडे, आणि तीही पडदा ओढलेली. लंडनला उतरल्यावर मी मोठ्या कौतुकानं विचारलं, "काय आत्या, झालं का मनासारखं?" त्या म्हणाल्या, "ह्याला विमान म्हणायचं व्हय? आपली रातची यष्टी बरी. खाली जमीन तरी असती."

इथं मी पहिल्यांदा थोडी चपापले. पण बाळंतपणाच्या धांदलीत तेवढ्यावरच राहिलं.

एके दिवशी दुपारी आत्या परसात बाळाची दुपटी वाळत घालत होत्या. आकाशातून आवाज आला. मोठ्या विमानाची ती गाज नव्हे. जुन्या इंजिनाची सावकाश, एका लयीतली घरघर. वर पाहिलं तर दोन मजली पंखांचं, रुपेरी रंगाचं एक विमान अगदी खालून, न घाईनं चाललं होतं. खिडक्यांतली डोकीसुद्धा मोजता आली असती. आत्या ओल्या दुपट्यासकट तशाच उभ्या. मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, "आजी, हे जुनं आहे, नव्वद वर्षांपूर्वीच्या बांधणीचं. इथून जवळ डक्सफर्डला विमानांचं मोठं संग्रहालय आहे. तिथून माणसांना बसवून फिरवून आणतात."

आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यात बसायचं मला."

आता या विमानाविषयी थोडं सांगते, कारण ते आपल्यालाही अगदीच परकं नाही. त्याचं नाव ड्रॅगन रॅपीड. इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीनं १९३४ मध्ये ते पहिल्यांदा उडवलं. दोन इंजिनं, आठ उतारूंची जागा, आणि सांगाडा चक्क लाकडाचा. त्यावर प्लायवूड आणि ताणून बसवलेलं कापड. कापडावर एक प्रकारचं रोगण चढवतात, ते वाळताना आक्रसतं आणि कापड ढोलकीच्या पानासारखं ताठ होतं. अशी सातशेंवर विमानं तेव्हा बांधली गेली. आज उडण्याजोगी फारच थोडी उरली आहेत. आपल्याकडे टाटांच्या विमान कंपनीच्या ताफ्यातही या जातीचं विमान होतं.

टाटांची ती कंपनी सुरू झाली १५ ऑक्टोबर १९३२ ला. जे. आर. डी. टाटांनी त्या दिवशी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूपर्यंत एका इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान आणलं. जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठची चिखलवट. पावसाळ्यात तिथं पाणी भरे. मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला येई, आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर विमानं उतरत. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या मातीला या जुन्या विमानांची चाकं तेव्हापासून लागलेली आहेत. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, जे. आर. डीं.नी तोच प्रवास पुन्हा केला, तसंच जुनं लेपर्ड मॉथ विमान घेऊन, एकट्यानं. तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठ्याहत्तर.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे. कारण घरी फोन केल्यावर धाकट्या भाऊजींनी पहिला आक्षेप घेतला तो वयाचाच. "शहात्तराव्या वर्षी लाकडाच्या विमानात? वहिनी, तुम्ही तरी शहाण्या ना?" मी म्हटलं, "जे. आर. डी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चालवत होते, आत्या नुसत्या बसणार आहेत."

दुसरा आक्षेप भीतीचा. तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ४ ऑगस्ट २०१८ ला स्वित्झर्लंडमध्ये १९३९ साली बांधलेलं युंकर्स जातीचं असंच हौशी फेरीचं विमान आल्प्सच्या डोंगरात कोसळलं आणि आतली वीसच्या वीस माणसं गेली. चौकशीत निघालं की वैमानिकांनी डोंगरांच्या अरुंद खोबणीत ते धोकादायक रीतीनं खालून नेलं होतं. शिवाय देखभालीतल्या त्रुटीही उघड झाल्या. तेव्हा अशा विमानात बसण्यापूर्वी नुसतं छान छान म्हणून भागत नाही, चौकशी करावी. मुलानं ती केली. विमान कोणत्या परवान्यावर चालतं, कुणाच्या देखरेखीखाली आहे, वारा वाढला तर फेरी रद्द करतात की रेटून नेतात, सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला अनुभवानंच मिळालं, कारण पहिल्या दिवशी वारा आडवा होता म्हणून त्यांनी आम्हाला सरळ परत पाठवलं. मला तर त्या नकारानंच धीर आला.

तिसरा आक्षेप पैशाचा. आपल्या हिशोबानं सांगायचं तर एका माणसाच्या तिकिटाला एका चांगल्या म्हशीच्या वीस-पंचवीस दिवसांच्या दुधाचे पैसे पडत होते. भाऊजी म्हणाले, "त्यात विहिरीची मोटर भरून होईल." आत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं देते.

"दुधाचं पैसं माझ्या पुस्तकात हायती. म्हशीचं शेण म्या काढलंय. माह्यारची जमीन धरणात गेली, तवा भावांनी सही मागितली, दिली. चोळी-बांगडीवर भागीवलं. कुणी इचारलं न्हाय, आक्का, तुला काय पायजे. आता मीच सांगती काय पायजे ते."

पलीकडून काही बोलणं आलं नाही.

आणि त्या रात्री, बाळ झोपल्यावर, मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो खरं म्हणजे मी वीस वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता. "आत्या, विमानात बसून तुम्हाला बघायचंय तरी काय?"

थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्यार."

मैत्रिणींनो, आत्यांचं माहेर पळसदेव हे मला ठाऊक होतं. पुणे-सोलापूर रस्त्यालगतचं पळसदेव. तिथं मी किती तरी वेळा गेले, त्यांच्या भावांच्या घरी जेवले. पण ते नवं गाव. आत्या लहानाच्या मोठ्या झाल्या ते पळसदेव भीमेच्या काठी होतं, आणि ते उजनी धरणात गेलं. धरण पुरं झालं १९८० मध्ये. इंदापूर, दौंड, करमाळ्याकडची गावंच्या गावं पाण्याखाली आली. आज त्याच पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी येतात आणि शहरांतली माणसं होडीत बसून त्यांचे फोटो काढतात. ऊस पिकतो, नळाला पाणी येतं, हेही खरंच. पण आत्यांची विहीर, पार, शाळा, सागरगोटे खेळायचा ओटा, सगळं खाली. जुन्या गावातलं पळसनाथाचं दगडी देऊळ मात्र दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटलं की वर येतं.

"वरनं बघितलं," आत्या म्हणाल्या, "तर पाण्यातलं आख्खं गाव दिसंल का गं? आमचा वाडा, हीर? विमानातनं दिसत असंल म्हून म्या त्या पोरांची विमानं बघत व्हते. ती तिकडंच जायाची."

इतकी वर्षं आम्ही ज्याला खूळ म्हणून हसत होतो, ते हे होतं.

आता थोडं व्यवहाराचं. तुमच्यापैकी कुणावर वडीलधाऱ्यांना लहान विमानात नेण्याची वेळ आली, तर आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी उपयोगी पडतील.

पहिली म्हणजे डॉक्टरांना विचारा. आत्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. आम्ही निघण्यापूर्वीच बारामतीच्या डॉक्टरांना दाखवून घेतलं होतं. हृदयाचं, कानाचं दुखणं असेल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर विचारल्याशिवाय बसवू नका.

दुसरी गोष्ट कपड्यांची. मी पाचवारी साडीत गेले आणि पायरीवर निऱ्या सावरताना माझी त्रेधा उडाली. आत्या नऊवारीत होत्या. कासोटा घातलेला, दोन्ही हात मोकळे, टुणकन चढल्या. ज्यांना हे जुनाट वाटेल त्यांनी लक्षात घ्यावं, सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये विमान चालवलं तेही साडी नेसूनच. पायांत मात्र सपाट, न घसरणारी पादत्राणं हवीत. डोक्यावरचा पदर खोचून घ्यावा, कारण उभ्या विमानाजवळही वारा भणाणतो. उन्हाळ्यातही अंगावर एक शाल असू द्या.

तिसरी गोष्ट पोटाची. उपाशीपोटी जाऊ नये आणि तडस लागेपर्यंत जेवूनही जाऊ नये. दोन तास आधी दहीभात किंवा मऊ भाकरी-दूध बरं. लहान विमान हवेत थोडं डुलतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी आलेपाकाची वडी तोंडात धरावी. अगदी सोपी कृती देते. वाटीभर किसलेलं आलं, दोन वाट्या साखर, थोडं दूध, मंद आचेवर गोळा होईपर्यंत आटवायचं आणि तूप लावलेल्या ताटात थापून वड्या पाडायच्या. वाटायचं आलं कोवळं घ्या, रेषा कमी निघतात.

चौथी गोष्ट जरा नाजूक आहे. अशा विमानात प्रत्येकाचं वजन विचारतात आणि त्याप्रमाणे जागा देतात, कारण आठ माणसांच्या विमानाचा तोल नीट राखावा लागतो. तिथं लग्नाच्या वेळचं वजन सांगून चालत नाही! मी खरं सांगितलं. आत्यांनी ते ऐकलं आणि घरी आल्यावर सर्वांना सांगितलं, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता, ऊन स्वच्छ होतं. विमान गवतावर उभं होतं, शेपटी खाली आणि नाक वर. दार मागच्या बाजूला. त्यामुळे आत शिरलं की पुढच्या जागेपर्यंत चढण चढावी लागते, घाट चढल्यासारखी. चढण्यापूर्वी आत्या खालच्या पंखाजवळ थांबल्या. आमच्या आत्या म्हणजे वाकळ शिवण्यात पंचक्रोशीत नाव असलेल्या. पंखाच्या कापडावर सारख्या अंतरावर उभे वळ दिसत होते, त्यांकडे त्या निरखून बघत होत्या. "ही शिवण हातची हाय," त्या म्हणाल्या. मुलानं तिथल्या माणसाला विचारलं. तो हसून म्हणाला, अगदी बरोबर. कापड पंखाच्या लाकडी फासळ्यांना मेण लावलेल्या दोऱ्यानं, सुईनं, हातानंच शिवतात आणि टाक्यांवर पट्टी चिकटवतात. विमानं कापडाची होती त्या काळात कारखान्यांतून हे शिवणकाम करायला बायका असत. आत्यांनी मान हलवली. त्यांना विमानाचा भरवसा परवान्यानं नव्हे, त्या टाक्यांनी आला असं मला वाटतं.

आत प्रत्येकाला स्वतःची खिडकी. इंजिनं सुरू झाली तशी सगळी फळी थरथरू लागली. विमान गवतावरून धावलं; आधी शेपटी उचलली गेली, चढणीची जमीन सपाट झाली, आणि मग कधी चाकं सुटली ते कळलंच नाही. हजार-दीड हजार फुटांवर ते सावकाश चाललं. इतक्या उंचीवरून गाई दिसतात, दोरीवरचे कपडे दिसतात, अंगणातून हात करणारं पोरही दिसतं. मोठ्या विमानात हे कुठलं? ते तीस-पस्तीस हजार फुटांवरून जातं. खाली असतात ते ढग. जुन्या विमानाचं खरं सुख हेच की ते हळू जातं आणि खालून जातं.

केंब्रिजची मोठमोठी कॉलेजं, किंग्ज कॉलेजचं उंच प्रार्थनामंदिर, मधून जाणारी कॅम नदी, सगळं बोटानं दाखवत होते. आत्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या नदीकडे बघत होत्या. मग उत्तरेकडे, जिथं सपाट, काळी रानं पसरली होती आणि त्यांतून ओळंब्यात आखल्यासारखे सरळ पाट गेले होते, तिकडे. आपला नीरेचा डावा कालवा तरी थोडा वळसे घेत जातो. इथं पट्टीनं रेघ मारावी तसं.

वीसेक मिनिटांनी खाली आलो. मला वाटलं होतं, आत्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. गवतावर बसून त्यांनी पाणी पिऊन घेतलं आणि म्हणाल्या, "वरनं बघितलं तरी पाण्याच्या आत न्हाय दिसत गं. निस्तं आभाळ दिसतंय त्यात."

मी काय बोलणार? त्यांनीच पुढं विचारलं, "ती काळी रानं कसली? पाट का इतकं?" मुलानं सांगितलं, तो सगळा मुलूख एके काळी दलदल होता. सतराव्या शतकात व्हर्म्युडन नावाच्या हॉलंडच्या इंजिनियरला आणून पाट खणले, पाणी काढलं आणि शेतं केली. जमीन वाळली तशी खचली, आता ती नद्यांपेक्षा खाली आहे, म्हणून आजही पंप लावून पाणी बाहेर काढावं लागतं. आणि जे लोक त्या पाण्यावर मासे नि बदकं धरून जगत होते, त्यांनी त्या वेळी खूप विरोध केला.

"मंजी हितं पाण्यातनं रान काढलं," आत्या म्हणाल्या, "आन् आमचं रान पाण्यात घातलं. दोन्हीकडं कुणाचं तरी गेलंच."

खरी गोष्ट घडली ती त्या संध्याकाळी. मी पोळ्या लाटत होते. आत्यांनी ओट्यावर मूठभर पीठ पसरलं आणि बोटानं रेघा ओढू लागल्या. "ही भीमा. हितं वळती. हितं देऊळ. देवळाम्होरं पार. पारापास्नं ही वाट, हितं चावडी, आन् हितं तीन घरं सोडून आमचा वाडा. मागं हीर. रान कसं मांडल्यालं असतं, ते आज कळलं मला. आधी निस्तं घर आठवायचं, दार आठवायचं. आज समदं एकदम दिसलं." माझा मुलगा कागद-पेन्सिल घेऊन आला. रात्री अकरापर्यंत आजी-नातू बसले होते. साठ वर्षांपूर्वीचं अख्खं गाव त्या कागदावर उतरलं, कोणाचं कोणतं घर, कुठं चिंच, कुठं घाट. मी त्या कागदाच्या चार प्रती काढून आणल्या.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप हटलं, पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं. आम्ही सगळे आत्यांना घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळातून त्या काठी टेकत चालल्या, कागद धाकट्या भाऊजींच्या हातात. देवळापुढं उभं राहून त्यांनी दिशा धरली, आणि तीन घरांची जोती मोजून चौथ्या जोत्याच्या दगडावर जाऊन बसल्या. मागं विहिरीची जागा निघाली, गाळानं भरलेली. भाऊजी कागद पाहत होते, मग जोत्याकडे पाहत होते. "आई, हे तू विमानातून पाहिलंस?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाल्या, "न्हाय रे. पर विमानात बसले म्हून आठावलं." त्यानंतर आमच्या घरात कोणी विमानावरून थट्टा केली नाही.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीला उत्तर.

बाई, समजूत सासूबाईंची काढू नका. आधी त्यांच्याजवळ बसा आणि मी वीस वर्षं जो प्रश्न विचारला नाही तो विचारा, विमानातून काय बघायचं आहे? कदाचित त्यांना नुसती मौज हवी असेल. मौज हवी असणं हाही काही गुन्हा नाही. कदाचित मनात दुसरंच काही असेल. कुणाला पंढरीचं वाळवंट वरून बघायचं असेल, कुणाला सैन्यातल्या मुलाचा मुलूख. उत्तर मिळाल्यावर पुढचं ठरवा.

यासाठी इंग्लंडला जायला हवं असं मुळीच नाही. जुनं डाकोटा विमान आपल्या हवाई दलानंही दुरुस्त करून जपलं आहे. त्याचं नाव परशुराम. ते २०१८ मध्ये इंग्लंडहून भारतात आलं. पण त्यात तिकीट काढून बसता येत नाही. मात्र कमी अंतरावर पंख्यांची एटीआर विमानं जातात. त्यांचे पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळे खिडकीतून खालची जमीन पंखाआड जात नाही, आणि ती मोठ्या विमानांपेक्षा खालूनही उडतात. सकाळची वेळ धरा, तेव्हा हवा शांत असते. पावसाळ्यात मात्र ढगच दिसतील. तिकीट काढतानाच विचारून खिडकीची जागा घ्या, आणि शक्य तर उन्हाच्या उलट बाजूची.

ठिबकाचं म्हणाल तर तेही व्हायलाच हवं. पण ठिबकासाठी सरकारी अनुदान मिळतं, त्याची चौकशी तालुक्याच्या कृषी कार्यालयात करा. सासूबाईंच्या हौसेला अनुदान नाही, ती घरानंच करायची. आणि पैसे त्यांच्या पुस्तकातले असतील, तर तुमच्या यजमानांनी त्यात बोलूच नये, असं मी म्हणते असं खुशाल सांगा.

परत आल्यावर त्यांच्यापुढं कागद आणि पेन्सिल ठेवायला विसरू नका. आणि तुम्ही स्वतः शेजारी बसून लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात लोणच्याची बुरशी, नक्की.